नाणं खणखणीत, तरी "चालत नाही" : तुमचे अनुभव लिहा

अडगळ (धागाकर्ता)

दहाचं नाणं पुण्या-मुंबईत बिनबोभाट खपतं. तेच खिशात घेऊन मराठवाड्यात किंवा विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी जा. पानपट्टीवाला ते एका बोटाने तुमच्याकडे परत सरकवतो आणि म्हणतो, "हे आमच्याकडं चालत नाही." कोणी बंद केलं, कधी केलं, विचारायची सोय नाही. पंधरा पाकळ्यांचं खोटं आणि दहा पाकळ्यांचं खरं, अशी एक अफवा मध्यंतरी फिरत होती. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं की तोवर निघालेले दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत, रुपयाचं चिन्ह असलेले आणि नसलेलेही. पत्रक पानपट्टीपर्यंत पोचलेलं दिसत नाही.

तर या धाग्यावर असे अनुभव हवेत. कायद्याने जो पैसा आहे तो बाजारात का अडतो? आणि कायद्याने जो पैसा नाही (गोळ्या, कूपन, फोनवरून आलेली रक्कम) तो का बिनधास्त फिरतो? स्वतःचं किंवा घरातलं लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको. दुकानाचं, बँकेचं नाव टाळा, उगाच भांडणं नकोत. काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्यांनी तर जरूर लिहा, कारण तक्रार नेहमी गिऱ्हाईकच करतं.

गल्ल्यावरून

आतल्या बाजूचा मी. तालुक्याच्या गावात किराणा दुकान आहे, मराठवाड्यात. दहाचं नाणं मी घेत नाही. ते खरं आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी घेत नाही.

कारण असं. बिस्किटाचा माल देणारा लाईनवाला आठवड्याला येतो. त्याला दहाची नाणी दिली की तो म्हणतो, एजन्सीत घेत नाहीत. एजन्सीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, बँकेत भरणा घेत नाहीत. बँकेत मी स्वतः गेलो. "नाही" कोणीच म्हणत नाही. म्हणतात आज गर्दी आहे, मोजून पिशव्या करून आणा, सोमवारी या. सोमवारी गेलं की मशीन बंद. मग ती नाणी मी गिऱ्हाइकाला मोड म्हणून द्यावीत, तर म्हातारी बाई ती काउंटरवर ठेवून सरळ सांगते, "मला नोट दे बाबा, फाटकी असली तरी चालंल." म्हणजे माझ्याकडे येणारी वाट उघडी आणि जाणाऱ्या तिन्ही वाटा बंद.

एका गणपतीत ठरवून घेतली होती. श्रीखंडाचा रिकामा डबा काठोकाठ भरला आणि तसाच पडून राहिला. शेवटी पुतण्या पुण्याला शिकायला होता, तो सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेत थोडी थोडी देत गेलो. त्याने ती मेसमध्ये आणि झेरॉक्सच्या दुकानात उडवली, कोणी हूं की चूं केलं नाही. स्वतःचे पैसे खर्चायला पुण्याला पाठवावे लागले, आता बोला.

पाचच्या नाण्याला मात्र काही अडचण नाही. ते कमीच पडतं.

सनदी

गल्लेवाले, तुम्हाला वाटतं तेवढं तुमचं वागणं बेकायदा नाही. वकिली करतो म्हणून थोडं सांगतो.

नाणे अधिनियम, २०११ चं सहावं कलम बघा. रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत, पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत. नोटांना अशी मर्यादा नाही, त्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या २६व्या कलमात येतात. आता वैध चलन असण्याचा खरा उपयोग कुठे? माझ्या अंगावर तुमचं देणं आहे, मी ते वैध चलनात पुढे केलं आणि तुम्ही नाकारलंत, तर उद्या "पैसे दिले नाहीत" म्हणून माझ्यावर केलेला दावा लंगडा पडतो. खानावळीत थाळी संपल्यावर मी नाणी काढली, तर देणं आधीच झालेलं असतं, मालकाची पंचाईत होते. तुमच्या दुकानात साबण अजून फळीवर असतो. सौदाच झालेला नाही, आणि न झालेल्या सौद्याला "नाही देत" म्हणणं हा दुकानदाराचा हक्क आहे. निदान मी तरी तसंच मांडेन.

नाणं नाकारलं तर राजद्रोह लागतो, असे जे निरोप फिरतात ते सोडून द्या. नाणं वितळवलं, तोडलं तर त्या कायद्यात शिक्षा आहे. दुकानदाराने घेतलं नाही म्हणून शिक्षेचं वेगळं कलम त्यात नाही. आणि उलट बाजूही ऐका: नोट कितीही वैध असो, २०१७ पासून आयकर कायद्याने एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, तोही घेणाऱ्याला.

अडगळ (धागाकर्ता)

थाळी संपली की नाणं चालतं, हे नवीन कळलं. आता आधी जेवून घेत जाईन.

तहसीलची पायरी

हजार रुपयांच्या मर्यादेवरून आठवलं. विधानसभेच्या उमेदवारीला अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. अधूनमधून एखादा अपक्ष ती रुपयाच्या नाण्यांत आणतो. मी ज्या कचेरीत होतो तिथे एकाने दोन पोती आणली होती, मागे मोबाईल धरून चारजण. रुपयाचं तेव्हाचं नवं नाणं चार ग्रॅमच्या आतबाहेर असायचं, त्यामुळे दहा हजारांचं ओझं चाळीस किलोच्या घरात जायचं. दोघांनी धरून पोतं टेबलावर ठेवलं तेव्हा टेबलाचा पाय वाकडा झाला.

हजारच्या वर नाकारता येतं, हे आमच्या साहेबांना माहीत होतं. ते म्हणाले, घ्या. नाकारलं तर तीच बातमी होते आणि त्याला तेच हवंय. अर्ज घ्यायची वेळ दुपारी तीनपर्यंत. चार कारकून, दोन शिपाई आणि कोतवाल सतरंजीवर बसले. दहा-दहाचे ढीग, दहा ढिगांची एक ओळ, ओळीला खडूची रेघ. मध्येच कोणाचा तरी पाय लागून एक ओळ कोसळली आणि आकडा बुडाला. जुनी जाड नाणी, नवी बारीक नाणी सरमिसळ होती, दोन-तीन पन्नास पैसेही निघाले. तोवर बाहेर त्याची मुलाखत सुरू. माणूस जनतेच्या वर्गणीतून उभा राहिलाय म्हणे! वर्गणी खरी असेलही, पण त्यातली निम्मी नाणी एकदम कोरी करकरीत होती.

मतं किती पडली ते विचारू नका.

चिंचगोळी

सुट्टे नाहीत म्हणून मेडिकलवाला खोकल्याच्या गोळ्या हातावर टेकवतो. घरात खोकला कोणालाच नाही.

रोखपाल निवृत्त

बँकेच्या बाजूनेही कोणी बोलायला हवं. आयुष्य कॅश काउंटरवर गेलं. नाण्यांना नाही म्हणायची बँकेला मुभा नाही. रिझर्व्ह बँक पुन्हापुन्हा कळवते की सगळ्या शाखांनी नाणी स्वीकारावीत, एक आणि दोनची शंभर-शंभरच्या पिशव्यांत दिली तर सोयीचं. अडचण पुढची आहे. आलेल्या नोटा चेस्टला (रोकड साठवणाऱ्या मोठ्या शाखेच्या तिजोरीत) पाठवता येतात. नाणी पाठवली तर चेस्टवाले म्हणतात, आमच्याकडेच जागा नाही. लहान शाखेत तिजोरीची खोली केवढीशी, त्यात नाण्यांच्या थैल्या चढल्या की माणसाला आत वळता येत नाही. त्यामुळे काउंटरवरचा पोरगा "सोमवारी या" म्हणतो. चूक ती चूकच. पण गल्लेवाल्यांची जी वाट बंद आहे तीच आमचीही होती.

आता जास्त उपयोगाचं सांगतो. फाटक्या नोटेवरून लोक फार घाबरतात. एक बाई पाचशेची नोट घेऊन आली होती, वासराने चघळलेली. एक कोपरा नाही, कडा लगद्यासारखी. तिला तिथल्याच कोणीतरी शंभर रुपये देऊ केले होते. नियम सोपा आहे. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण रक्कम, चाळीस ते ऐंशी असेल तर अर्धी, त्याखाली काही नाही. वीसपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून जास्त भाग हवा. पाचशेची नोट ९९ चौरस सेंटिमीटर. नोट काचेखाली सपाट धरली, पट्टी लावली, उरलेला तुकडा ऐंशीच्या पुढे भरला. बाईला पूर्ण पाचशे मिळाले. तिने पट्टीकडे ज्या संशयाने पाहिलं तसं कोणी डॉक्टरच्या सुईकडेही पाहत नाही.

नोटेवर पेनाने लिहिलं तर ती बाद होते, हेही खोटं. मळते, लवकर परत येते, पण चालते. राजकीय किंवा धार्मिक घोषणा लिहिलेली असेल तर मात्र बँक पैसे द्यायला बांधील नाही.

पायरीचा दगड

आमच्या गावच्या देवस्थानाचा हिशेब माझ्याकडे आहे. छोटं देऊळ, वर्षातून एक जत्रा. दानपेटीत नाणी आणि दहा-वीसच्या नोटा, वर कुंकू, तेल, साखरफुटाण्याचा चुरा. पेटी उघडली की पहिलं काम चाळणीचं. मग नाणी साबणाच्या पाण्यातून काढून गोणपाटावर वाळवायची. तेलकट नाणं मोजायच्या मशीनमध्ये अडकतं, आणि बँकवाले तेवढंच कारण शोधत असतात.

आता बँकेत नेतच नाही. पेटी उघडायचा दिवस चहावाल्यांना, भेळवाल्यांना, पिठाच्या गिरणीवाल्याला माहीत असतो. ते नोटा घेऊन देवळात हजर, चिल्लर घेऊन परत. एके काळी शेकडा दोन-तीन रुपये बट्टा देऊन चिल्लर नेत असत. हल्ली बट्टा नाही, कारण गिऱ्हाईक चार रुपयांसाठीही फोन काढतं.

आणि हो, देवाला दहाचं नाणं चालतं. गावात जिथे जिथे ते नाकारलं जातं तिथली सगळी नाणी आमच्या पेटीत येतात. पेटीत आलेली मी तरी कुठे खपवू?

द्राक्षबाग

२०१६ चं लिहिल्याशिवाय हा धागा पुरा कसा व्हायचा. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजार बंद झाल्या ते सगळ्यांना आठवतं. शहरातल्यांना रांगा आठवतात. आमच्या गावात बँक म्हणजे जिल्हा बँकेची शाखा, दुसरी नाहीच. सोसायटीचं कर्ज तिथे, दुधाचं बिल तिथे, पेन्शन तिथे. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. ज्या दारात गावाची सगळी खाती होती तेच दार लागलं. तालुक्याच्या राष्ट्रीयीकृत बँकेत आमचं खातं नाही, आणि तिथे खातेदारांचीच रांग रस्त्यावर.

मग गावाने स्वतःचा दर काढला. जुन्या पाचशेचे किराणावाला साडेचारशे धरायचा, खतवाला पूर्ण पाचशे, पण जुन्या उधारीतच जमा. नवा माल हवा तर नवी नोट. मजुरांनी जुनी नोट घ्यायला साफ नकार दिला. त्यांचं बरोबर होतं. त्यांच्याकडून पुढे कोण घेणार? त्या पंधरवड्यात बागेतल्या बायकांना हजेरीऐवजी वहीत आकडे मिळाले, वर कोणाला तेल, कोणाला साखर. ग्रामपंचायत मात्र जुन्या नोटा घेत होती, कर भरायला परवानगी होती. वर्षानुवर्षं थकलेली घरपट्टी भरायला रांग लागलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ज्यांच्या घरी वसुलीला शिपाई गेला की कुत्रं सोडायचे, ते सकाळी आठला पंचायतीच्या ओट्यावर!

आजी वारल्यावर तिच्या गोधडीत पाचशेच्या काही नोटा निघाल्या. २०१७ च्या कायद्याने अशा नोटा दहापर्यंतच जवळ ठेवता येतात, नाणी-नोटांचा अभ्यास करणाऱ्याला पंचवीस. दहाच्या आतच होत्या. गोधडी आणि नोटा, दोन्ही ठेवल्या आहेत.

सुगरणखोपा

द्राक्षबाग, आमच्याकडे साडेचारशे नाही, चारशे. बाकी सेम.

स्पर्श

मी दृष्टिहीन आहे, रेल्वे स्टेशनजवळ स्टॉल चालवतो. तुमचं सगळं वाचलं (म्हणजे फोनने वाचून दाखवलं). चालतं की नाही हा प्रश्न माझ्यासाठी दुसरा. पहिला प्रश्न, हातात काय आलंय?

जुनी शंभरची नोट बोटांना कळायची, मोठी होती. नव्या नोटा सगळ्या आखूड झाल्या. दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब, पाचशेची १५०. हा चार मिलिमीटरचा फरक गाडी सुटायच्या घाईत ओळखायचा. मी नोट तर्जनी आणि करंगळीत ताणून धरतो, एक टोक कुठल्या पेरावर येतं ते बघतो. नोट मऊ पडली असेल, दुमडलेली असेल, तर ते पेरही दगा देतं. रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं अ‍ॅप आहे, १ जानेवारी २०२० ला आलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किंमत बोलतं. घरी उत्तम. स्टॉलवर एका हातात चहा, एका हातात नोट, मोबाईल कुठल्या हातात धरू?

नाण्यांत त्याहून गोंधळ. एक, दोन आणि पाच, तिन्ही गोल, आकारात पुसट फरक. त्यामुळे मला दहाचं नाणं आवडतं, दोन धातूंचं, मध्ये बोट फिरवलं की सांधा लागतो. आणि २०२० मध्ये बाजारात आलेलं वीसचं बारा कोनांचं नाणं तर फारच. हातात पडल्या पडल्या कळतं. पण वीसचं नाणं परत दिलं की गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, नोट नाही का?" मला ओळखता येतं तेवढंच नेमकं लोकांना नको असतं. फोनवरच्या पैशाने माझं काम हलकं केलं हे खरं. डबा मोठ्याने रक्कम बोलतो. फक्त शेजारच्या स्टॉलचा डबाही तसाच बोलतो, तेव्हा पैसे माझे की त्याचे, यावरून रोज एकदा तरी हसं होतं.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमची आजी तीन चलनांत संसार करून गेली. पोर्तुगीज राज्यात आधी रुपिया, मग १९५९ मध्ये एस्कुदो आला, एका रुपियाचे सहा एस्कुदो. लोकांना तो हिशेब जेमतेम जमायला लागला होता, तेवढ्यात डिसेंबर १९६१ ला मुक्ती. पुढे भारतीय रुपया, आणि भारतात तर १९५७ पासून नवे पैसे, म्हणजे आणेही गेलेले. आजी म्हणायची की बाजारात भाव विचारला की आधी विचारावं लागायचं, कशात सांगतोस? माडाची पाडप झाली की नारळांचा हिशेब ती शेवटपर्यंत रुपियातच करायची आणि मग आमच्याकडून गुणाकार करून घ्यायची. तिच्या डब्यातली सेंतावची (एस्कुदोच्या पैशांची) नाणी मुलं मोनोपोली खेळायला घेतात. घरात त्यांना पूर्ण मान्यता आहे.

क्लाइडकाठी

ग्लासगोहून. इथे तीन व्यापारी बँका स्वतःच्या नोटा छापतात. पौंड तोच, किंमत तीच, चित्रं वेगळी. पहिल्या वर्षी लंडनला मित्राकडे गेलो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दूध-ब्रेडसाठी स्कॉटिश वीसची नोट दिली. पोराने ती उजेडाकडे धरली, उलटी केली, आतून मालकाला बोलावलं. मालक गुजराती. मला हिंदीत म्हणाला, "भाई, असली होगा, लेकिन मेरा बैंकवाला मुँह बनाता है." वर गल्लेवाल्यांनी लिहिलं आहे ना, अगदी तेच वाक्य, सातासमुद्रापार.

ऑफिसात स्कॉटिश सहकाऱ्यांना सांगितलं तर ते तापले, "बेकायदा आहे हे! वैध चलन आहे आमचं!" प्रत्यक्षात नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा इंग्लंड आणि वेल्समध्ये वैध चलन आहेत. स्कॉटलंडमध्ये काटेकोरपणे पाहिलं तर कुठलीच कागदी नोट वैध चलन नाही, इंग्लंडचीही नाही. तरी सगळा देश त्यावर चालतो. सनदी म्हणतात तसं, ही संज्ञा देणं फेडण्यापुरती, दुकानात घेणं-न घेणं मर्जीवर. एका पेनीच्या नाण्यांना तर इथे वीस पेन्सांचीच मर्यादा आहे, तुमचा अपक्ष उमेदवार इथे उभाच राहिला नसता.

झोळी

भूतानच्या सहलीत उलटा अनुभव. तिथलं नगुल्ट्रम आणि आपला रुपया बरोबरीचा, आणि रुपया तिथे वैध चलन आहे. फुन्शोलिंगमध्ये दुकानदार मोड देताना दोन्ही सरमिसळ देतो. परत येताना उरलेले नगुल्ट्रम सीमेच्या अलीकडे जयगावात खपले, कोणी मान वर करून पाहिलं नाही. पुढे न्यू जलपायगुडी स्टेशनवर चहावाल्याने नोट बघून म्हटलं, "ये किधर का है?" जयगाव भारतातच आहे, स्टेशनही भारतातच. कायदा दोन्हीकडे एकच.

नेपाळात २०१८ च्या डिसेंबरात शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी आली, त्यानंतर आम्ही गेलो होतो. सगळा ग्रुप पाचशेच्या गड्ड्या घेऊन आलेला आणि पशुपतिनाथासमोर रुद्राक्षवाला फक्त शंभरच्या मागतोय. एका काकूंनी ओटी भरायला जपून आणलेल्या शंभरच्या कोऱ्या नोटा बाहेर काढल्या आणि संपूर्ण बसची इज्जत वाचवली. हिशेब शंभर भारतीय म्हणजे एकशेसाठ नेपाळी, तो मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

मेथीची जुडी

आई मंडईत बसते. तिच्या वतीने लिहिते.

क्यूआर कोड लावला तेव्हा ती खूश होती, सुट्ट्यांची कटकट गेली. मग एके सकाळी खातं गोठलं. कारण शोधायला दहा खेटे. शेवटी कळलं की कोणीतरी तिच्याकडून भाजी घेऊन पाठवलेले किरकोळ पैसे दुसऱ्या राज्यातल्या सायबर फसवणुकीतून आले होते, आणि तिथल्या तक्रारीवरून साखळीतली सगळी खाती थांबवली. एका मेथीच्या जुडीपायी आईची सगळी पुंजी अडकली. तो माणूस कोण हे तिला कसं कळणार? नोटेला असला पूर्वेतिहास चिकटत नाही. नोट घेतली, कनवटीला लावली, विषय संपला.

खातं सुटलं, पण आता टोपलीवर पुठ्ठा आहे: रोख द्या. गिऱ्हाईक चिडतं, "आजकाल कोण कॅश ठेवतं, मावशी?" एकाने तर तिला कायदा शिकवला की डिजिटल नाकारता येत नाही. नाकारता येतं. वैध चलन नोट आणि नाणी, फोनवरचा व्यवहार ही सोय. सनदी, चुकत असेन तर सांगा.

सनदी

मेथीची जुडी, अजिबात चुकत नाही. मोठ्या उलाढालीच्या धंद्यांना ठरावीक डिजिटल मार्ग ठेवावे लागतात, पन्नास कोटींच्या वर. टोपलीला नाही.

हळदकुंकू बेंगळुरू

इथे जुलै २०२५ मध्ये गल्लोगल्ली "नो यूपीआय, ओन्ली कॅश" चे कागद लागले. राज्याच्या करखात्याने यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या होत्या. मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीसाठी वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीची मर्यादा, आणि कित्येकांच्या खात्यात घरातलं, भावाचं, भिशीचं सगळं एकत्र. आमचा इडलीवाला आदल्या दिवशीपर्यंत रोख दिली की कपाळाला आठ्या घालायचा. दुसऱ्या दिवशी त्याने क्यूआरवर चक्क केळीचं पान चिकटवलं.

एडिसनकर

न्यू जर्सीत २०१९ पासून दुकानांनी रोख घेतलीच पाहिजे असा राज्याचा कायदा आहे. अमेरिकेभर तसं नाही. नोटेवर "सर्व देण्यांसाठी वैध चलन" छापलेलं असूनही दुसऱ्या राज्यात कॉफीवाल्याने बाबांचे डॉलर परत केले होते. बाबा चष्मा लावून त्याला नोटेवरचं वाक्य वाचून दाखवत होते. मागे रांग.

घंटी डबल

एसटीत वाहक होतो. आमच्याइतकं सुट्ट्यांवरून कोणी ऐकून घेतलं नसेल. मुक्कामी गाडी पहाटे निघायची, पहिल्या थांब्यावर चढणारे सगळे पाचशेची नोट काढणार, तिकीट सतरा-अठराचं. तिकिटामागे बाकी लिहून द्यायची आणि उतरताना मागा म्हणायचं. लोक विसरायचे, आणि मग ती बाकी वाहकाने खाल्ली असा बोभाटा. कोणी सांगत नाही की आम्ही पुढच्या फेरीला त्याच माणसाला हाक मारून पैसे देत होतो. सगळेच देत होते असं नाही, तेही खरं.

दहाच्या नाण्याचं म्हणाल तर एकाच गाडीत दोन कायदे असायचे. शहरातून भरलेले प्रवासी नाणी द्यायचे, जिल्ह्याची हद्द ओलांडली की चढणारे ती परत घ्यायचे नाहीत. मी मात्र नाही म्हणू शकत नव्हतो. मग संध्याकाळी डेपोत भरणा करताना पिशवी जड. यंत्रावर क्यूआर आला आणि हा त्रास बराच उतरला, पण घाटात रेंज गेली की पुन्हा "साहेब, सुट्टे द्या."

भातखाचर

रोखपाल काका, एक विचारायचं होतं. सासूबाईंच्या पोथीत दोन हजारच्या दोन नोटा सापडल्या. पतसंस्थेत म्हणाले रद्दी आहे. खरं का?

रोखपाल निवृत्त

ताई, रद्दी नाही. १९ मे २०२३ ला त्या चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं, पण वैध चलन म्हणून कायम ठेवल्या. २०१६ च्या पाचशे-हजारसारखं झालेलं नाही. दुकानदार घेणार नाही आणि बँकांतली मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली, म्हणून तसं वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या एकोणीस कार्यालयांत अजून घेतात, आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर. जायला जमणार नसेल तर पोस्टाने पाठवता येतात, रक्कम थेट खात्यात येते. अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील जोडा. साधं पाकीट नको, विमा उतरवून पाठवा, आणि पोस्टाची पावती पैसे जमा होईपर्यंत टाकू नका.

भातखाचर

नागपूर जवळ पडतं. नणंद तिथेच असते, दिवाळीला जाणार आहोत तेव्हा स्वतःच नेते. पतसंस्थेतल्या त्या माणसाने मात्र "द्या, मी बघतो" म्हणून हात पुढे केला होता.

रोखपाल निवृत्त

बरं केलंत, दिल्या नाहीत ते.